मोटरीसारखं जोडलेलं सॉकेट

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही पुरी नाही. पण सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात विहिरीवर मोटर बसली तेव्हापासून एकाही वायरमनला मी वावरात पाय ठेवू दिला नाही. स्टार्टर जळो की केबल तुटो, मीच पेचकस घेऊन बसायचो. मोटरीला तीन तारा असतात. त्या कशाही जोडा, मोटर फिरते. उलटी फिरली, पाणी कमी फेकलं, तर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, की सुलटी. माझी बिजलीची विद्या एवढीच. तिनं मला कधी खाली पाहायला लावलं नव्हतं.

घरातली सॉकेटं ढिली झाली होती. फ्रिजची पिन बसेना म्हणून बायको तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ठेवायची. कूलरचं सॉकेट जळून काळं पडलं होतं.

"अजी, वायरमनले बोलवा नं एकदाचं," ती म्हणाली.

"चार स्क्रू फिरवाले वायरमन? लोकं हासतीन मले."

"हासू द्या. तसेही हासतेच."

या बोलण्यावर मी त्याच दिवशी बस स्टँडकडच्या दुकानातून तीन सॉकेटं आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्विच पाडला. एवढी अक्कल होती. समोरच्या खोलीतली कूलरची आणि टीव्हीची सॉकेटं नीट बदलली. एकेक तार काढायची आणि तिथल्या तिथं नव्यात कसायची. त्या दोन कामांनी मी फुगलो. स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिजच्या सॉकेटमधल्या तिन्ही तारा एकदम ओढल्या. मग पाहतो तर फोडणीच्या धुरानं तिन्ही सारख्याच काळ्या. कोणती कुठून निघाली, काही कळेना. म्हटलं, कायले डोकं लावायचं, मोटरीसारखंच करू. जोडल्या कशाही आणि मेन उचलला. फ्रिज मुका. मेन पाडून दोन तारा बदलवल्या, पुन्हा उचलला. फ्रिजनं घुं केलं.

"झालं," मी म्हटलं.

बायकोनं कान दिला. "गुरगुरून राहिला तो. थंडा कुठं करून राहिला?"

"मे महिना आहे. व्होल्टेज कमी आहे."

मे महिन्यात आमच्याकडे व्होल्टेज कमी असतंच, म्हणून तिनं ते मानलं. मलाही ते खरंच वाटलं.

दुपारी ती म्हणाली, कूलरला हात लावला की मुंग्या येतात. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा. मी टेस्टर टेकवला तर आतला दिवा लाल झाला. मग मी कूलरच्या मागे लागलो. त्याचं सॉकेट उघडलं, तारा जिथल्या तिथं. बंद केलं. मन मानेना, पुन्हा उघडलं. पाण्याचा पंप काढून पाहिला, पंख्याची वायर बोटांनी चाचपली, कुठं सोललेली नाही. तिसऱ्यांदा सॉकेट उघडलं तेव्हा बायको दारात उभी होती. वावरात मोटर बिघडली तर बिघाड दिसतो, वास येतो, काहीतरी काळं पडतं. इथं सारं नवं कोरं, आणि पत्र्यात करंट.

नागपूरच्या पोराला तिनंच फोन लावून दिला.

"बाबा, तुमी हात नका लावू आता. वायरमनले बोलवा."

"तू तिथं बसून मले शिकवून राहिला का?"

"शिकवत नाही बाबा, हात जोडून राहिलो."

"मंग जोडून ठेव," म्हणून मी फोन ठेवला.

मला एकदम अर्थिंगची आठवण आली. घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे. उन्हाळ्यात माती कोरडी ठक्क पडते आणि करंट जमिनीत उतरत नाही, हे विहिरीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. खड्ड्यात मूठ मूठ मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं. पुन्हा टेस्टर लावला. दिवा पेटला न पेटल्यासारखा. मी हात लावला, मग बायकोनं लावून पाहिला. मुंग्या नव्हत्या. फ्रिजही जरा जोरात चालू झाला. त्या संध्याकाळी मी पोराला मुद्दाम फोन करून सांगितलं की तुझा वायरमन तुलाच लखलाभ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी खाटेवर पडलो होतो. बायको कूलरमध्ये पाणी भरत होती. खाली पाणी सांडलं होतं आणि तिच्या पायात चप्पल नव्हती. खड्डा तोपर्यंत परत वाळला असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून मान वळवली.

ती ओरडली नाही. ओरडणं तिला जमत नव्हतं. कूलरच्या काठावर तिची मूठ आवळली होती आणि सारं अंग थरथरत होतं. तिला हात लावायचा नाही, एवढं मला माहीत होतं. कूलरचं बटन माझ्या उशाशीच होतं. ते मी खटकन बंद केलं. पंखा थांबला. पण तिची मूठ काही सुटली नाही. बटन बंद, आणि तरी ती चिकटलेली. त्या क्षणी मला जगातलं काहीच समजत नव्हतं. मेन स्विच बाहेरच्या ओसरीत. भिंत धरत, खुर्ची पाडत गेलो आणि मेन पाडला. मागे वळलो तर ती सांडलेल्या पाण्यात बसली होती, आपल्या तळहाताकडे पाहत.

"सांगतलं होतं मी तुमाले," एवढंच म्हणाली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून कागद काढला. धडधड ठीक आहे, आजचा दिवस जपा, म्हणाल्या. परत येताना ऑटोत ती माझ्याकडे न पाहता बाहेर पाहत होती. वायरमनचं घर आलं तेव्हा मीच ऑटो थांबवला. तो आमच्याच ऑटोत पुढं बसून आला.

त्यानं कूलरचं सॉकेट उघडलं, पाहिलं, बंद केलं. मग विचारलं, "काका, घरात अजून काय काय बदलवलं?"

मी स्वयंपाकघराकडे बोट केलं. त्यानं फ्रिजचं सॉकेट उघडलं.

"हे मोटरीसारखं जोडलं काहो?"

"हाव."

"काका, मोटरीच्या तिन्ही तारांत करंट राह्यते. इथं एकीतच राह्यते. एक येणारी, एक वापस नेणारी, अन् तिसरी अर्थिंगची. तुमी वापस जाण्याच्या जागी अर्थिंग लावून देली. फ्रिजचा करंट खड्ड्याकडे चालला. खड्डा कोरडा, मंग त्यानं जावं कुठं? अर्थिंगची तार साऱ्या घरात एकच. चढला कूलरच्या पत्र्यावर. बटन येणारी तार तोडते, अर्थिंगची नाही, ते बंद करून काय होते?"

त्याच्यासमोर मी टॉर्च धरून उभा होतो. दहा मिनिटांत त्यानं तारा जागेवर नेल्या. फ्रिजचं घुं थांबलं आणि तो गुपचूप चालू लागला. मग वायरमननं स्वतःचा पंजा कूलरवर ठेवला. "काकू, लावा आता हात."

बायकोनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "तुमचं बरोबर असन, भाऊ. मले नाही लावाचा."

"मी लावतो नं," मी म्हणालो आणि लावला.

"तुमी काल बी लावला होता," ती म्हणाली.

संध्याकाळचं दूध आलं ते तिनं ओट्यावर ठेवलं. फ्रिजपर्यंत गेली नाही. मीच नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. फ्रिज उघडून दुधाचं पातेलं गॅसजवळ ठेवलं. मग मेन पाडला, चप्पल घालून कूलरमध्ये चार बादल्या पाणी भरलं, खालची फरशी फडक्यानं कोरडी केली. ती दारात उभी राहून पाहत होती. मी ओसरीत जाऊन मेनवर हात ठेवला आणि तिला विचारलं, "उचलू का?"

"थांबा," म्हणाली, आणि कूलरपासून दोन पावलं मागं सरकली. मग मी उचलला.