पाठीवरची बटणं

मादाम व्होकूर यांना निवांत बसण्याचा भारी कंटाळा. बागेत, वेताच्या खुर्चीत, हातात पंखा घेऊन आपण निवांत बसलो आहोत, असं चित्र त्यांनीच काढायला सांगितलं होतं. पण चेहरा रंगवून झाला आणि बाईसाहेब बग्गीतून फिरायला गेल्या. उरलेल्या अंगासाठी खुर्चीत बसली त्यांची मोलकरीण झेली. दोघींचा बांधा सारखा, रेशमी झगा तिला नेमका बसला. तेव्हापासून झेलीची रविवारची अर्धी सुट्टी त्या खुर्चीतच जायची. दुसऱ्याची फुरसत आपण बसून काढायची, याला पॅरिसात सुट्टी म्हणतात!

शनिवारी धर्मार्थ इस्पितळातून झेलीला निरोप आला. आईचं काही खरं नाही, उद्या येऊन जा. भेटीची वेळ एक ते तीन.

"साहेब, आज लवकर सोडा ना," झेली म्हणाली.

"मान हलवू नकोस," चित्रकार ब्रिसार खेकसला. "आणि सारखं घड्याळाकडे काय बघतेस? मादाम बघतात का कधी?"

अडीचला ढग आले, उजेड गेला, तेव्हा कुठे सुटका झाली. झेली स्वयंपाकघरात धावली. पण सकाळी पाठीवरची चाळीस बटणं लावून देणारी स्वयंपाकीण ओनोरीन बहिणीकडे निघून गेली होती. हात मागे पोचेना. असले झगे काढून देण्याचीच झेलीला नोकरी, आणि आज तीच आत अडकली.

"साहेब, एवढी बटणं..."

"भलतंच! कुणी पाहिलं तर? आणि फाडू नकोस हं, बाह्या रंगवायच्या राहिल्यात."

रस्त्यात कुणी ओळखलं तर चोरीचा आळ येणार, नोकरी जाणार. तरी झेली तशीच निघाली. पोचायला सव्वातीन झाले. एरवी मिनिटभर उशिरालाही हाकलणाऱ्या पहारेकऱ्यानं आज टोपी काढून दार उघडलं. झेलीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आईला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. झेली खाटेवर वाकली. चाचपडणाऱ्या हाताला रेशीम लागलं, तशी म्हातारी दचकून उठायला धडपडली.

"मादाम? तुम्ही इथवर आलात?"

झेलीनं तिचा हात आपल्या गालाकडे नेला. म्हातारीनं तो संकोचून सोडवून घेतला.

"पोर गुणाची आहे हो माझी. बाईसाहेब, आजचा एवढा रविवार सोडा तिला."