काही सभासद

आमच्या सोसायटीच्या गेटाशी एक काळा फळा आहे. सेक्रेटरी रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून खाली यायचे आणि त्यावर खडूने बातम्या लिहायचे. टाकी धुवायची आहे, पाणी उशिरा येईल. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. जिन्यातला बल्ब कोणी नेला ते कळलेलं आहे, त्यांनी तो गुपचूप परत लावावा. अक्षर मोत्यासारखं, भाषा गोड. पण दर चार-आठ दिवसांनी एक ओळ 'काही सभासद' अशी सुरू व्हायची आणि ती वाचताना मागे कोणी उभं नाही ना, हे मी आधी बघायचे. काही सभासद म्हणजे एकच सभासद होता, आणि तो माझा बाप होता.

'काही सभासद आवारात कोयता घेऊन फिरतात, त्यामुळे लहान मुले घाबरतात.' 'काही सभासद कंपाउंडच्या भिंतीवर गोवऱ्या वाळत घालतात.' एका पावसाळ्यात तर बाबांनी आवारात पाणी तुंबलं म्हणून पहार घेतली आणि भिंतीच्या पायथ्याशी भोक पाडून पाणी शेजारच्या सोसायटीत सोडून दिलं. भाताच्या खाचरातलं जादा पाणी बांध फोडून खालच्या खाचरात सोडायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. खालच्या खाचरात आता लोकांच्या मोटारसायकली उभ्या असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळा वरपासून खालपर्यंत भरलेला. मी शाळेत शिकवायला निघाले होते. शेजारची बाई फळा वाचत उभी होती, ती मला बघून हसली आणि म्हणाली, आज बरंच लिहिलंय. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

आता बाप असा का वागायचा, ते सांगायला हवं. रोह्यातली ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती आमची. बाबांनी जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात दोन फ्लॅट घेतले. एकात आम्ही, म्हणजे आई, बाबा आणि मी. दुसऱ्यात भाडेकरू. कागदावर बाबा इतरांसारखेच एक सभासद. पण कागद कागदाच्या जागी. ते पहाटे उठून कंपाउंडच्या कडेकडेने चालायचे, बांधावरून चालावं तसे. कोणी गाडी वाकडी लावली की वरून ओरडायचे. मीटिंगमध्ये मेंटेनन्सचा विषय निघाला की म्हणायचे, माझ्याच जागेत राहायचे मी पैसे देऊ? आणि मी खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत बसायचे. बाकीचे बहुतेक कंपनीतले, शिफ्टवाले, कोण साताऱ्याकडचा, कोण नागपूरकडचा, कोण पार बिहारचा. त्यांना काय माहीत इथे आधी काय होतं. आणि खरं सांगायचं तर, त्यांना ते माहीत नसावं असंच मला वाटायचं.

तर हिरवळीची गोष्ट. आवाराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सेक्रेटरींनी लॉन करून घेतला. ते घाटावरचे, कंपनीतून रिटायर झालेले, आणि त्यांचा त्या लॉनवर नातवावर असावा तसा जीव होता. स्वतः पाइप धरून पाणी घालायचे. बाबांचा त्या कोपऱ्यावर वेगळाच दावा होता. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की तिथेच आमची पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात शेंगा, मीठ, ओवा. मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून जाळ करायचा. बिल्डिंग झाल्यावरही पहिली काही वर्षं पोपटी लागली, लोक आवडीने खायलाही आले. मग लॉन झाला आणि फळ्यावर आलं, 'हिरवळीवर पाय ठेवू नये.'

बाबांनी पाय नाही ठेवला. सरळ जाळ केला.

मी शाळेतून आले तेव्हा दिवस मावळत होता. लॉनच्या मधोमध आग भडकलेली, बाबा तिच्याभोवती फिरतायत आणि एकेका गॅलरीकडे बघून हाका मारतायत, या रे खाली, शेंगा झाल्या. गॅलऱ्या भरल्या होत्या पण खाली कोणी आलं नाही. पोरांना आयांनी दंडाला धरून ठेवलेलं. सेक्रेटरी बनियनवर धावत आले. मला वाटलं आता शिव्या देतील. पण ते जाळाच्या कडेला येऊन थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते बघून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबांनी त्यांच्यापुढे शेंगांनी भरलेलं पान धरलं. सायेब, गरम हाय, खावा. सेक्रेटरी वळून निघून गेले.

मग व्हायचं ते झालं. कमिटीने ठराव केला की बाबांनी सर्वांसमोर माफी मागावी. बाबा म्हणाले, माझ्या जमिनीवर उभा राहून मी माफी मागायची? त्यापेक्षा मी निडीला जाऊन राहतो. निडी गावात त्यांचा पुतण्या आहे, त्याची शेती आहे. हे नुसतं तोंडाने नाही, त्यांनी पिशवी भरलीसुद्धा. आई म्हणाली, मी या वयात चुलीपुढे बसायला जाणार नाय, जायचं तर एकटे जा. दोन दिवस ती पिशवी दाराशी तशीच पडून होती. बाप म्हातारपणी घर सोडून जाणार, तेही मूठभर गवतापायी. आणि माझी खरी काळजी कसली, तर लोक काय म्हणतील ही.

शेवटी मीच सेक्रेटरींच्या दारात गेले. गयावया केली. ठरलं असं, की पेणहून सोसायटीचा गणपती आणायच्या आत बाबांनी तो जळका गोल पुन्हा हिरवा करून द्यायचा. केला तर विषय संपला. नाही तर सगळ्यांसमोर हात जोडायचे. बाबांना सांगितलं तर त्यांना हसूच आलं. भाजलेल्या जमिनीत तर चांगलं उगवतं, म्हणाले. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी जमीन आधी भाजूनच घेतात, हे पुस्तकातलं ज्ञान मलाही होतं. मी म्हटलं, सुटले.

उन्हाळा सरता सरता त्यांनी राख पसरली, जमीन उकरली, काहीतरी पेरलं. मी विचारलंही नाही काय ते. पाऊस लागला आणि तो गोल असा फुटला की बाकीचा लॉन त्याच्यापुढे रोगट दिसायला लागला. दाट, पोपटी, वाऱ्याने एका अंगाला झुकणारा. सेक्रेटरी रोज छत्री घेऊन बघायला यायचे. एक दिवस फळ्यावर चक्क बाबांचं नाव आलं, पूर्ण नाव, आदराने, आणि पुढे 'यांचे अभिनंदन'. मी आयुष्यात पहिल्यांदा तो फळा ताठ मानेने वाचला. शेजारच्या बाईलाही दाखवला. आवार झाडायला येणारी मावशी तेवढी त्या गोलाशी थबकायची, बाबांकडे बघून हसायची, आणि बाबाही हसायचे. मला वाटायचं, बघ, माणूस कसा सुधारला.

आषाढात रविवारी बाबा निडीला गेले होते. पुतण्याची आवणी चालली होती, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायचं काम, आणि त्याची बरीचशी रोपं पाण्याने वाहून गेल्यामुळे तो हवालदिल झाला होता. दुपारी पाऊस उघडला तसं सेक्रेटरी गवत कापायचं मशीन घेऊन आले. तो गोल फार उंच झाला होता, बाकीच्या लॉनबरोबर सारखा करायचा होता. भला माणूस, त्यांनी मला गॅलरीतून खाली बोलावलं. काका घरी नाहीत, तुम्ही सांगा मॅडम, कापू ना?

मी खाली गेले. वाकून बघितलं. पात्यांवरून हात फिरवला.

"कापा की," मी म्हटलं. "लॉन वेळच्या वेळी कापलेला बरा."

वर आई झोपली होती. मशीनच्या आवाजाने ती गॅलरीत आली, आणि मी वर बघितलं तर तिने तोंडाला पदर लावलेला. मला काही कळेना. मशीन बंद झालं तोवर गेटाशी रिक्षा थांबली. बाबा उतरले, मागून पुतण्या. दोघांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पुतण्याच्या हातात रोपांच्या मुठी बांधायला आणलेले बंध. तो येता येताच म्हणत होता, काकांनी सांगितलं, माझ्या शेतातली रोपं देतो, चल.

माझ्या शेतातली. मी कापलेल्या गोलाकडे बघितलं, त्या बंधांकडे बघितलं, आणि मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नववीच्या पोरांना भाताला पाऊस किती लागतो, माती कोणती लागते, हे फळ्यावर लिहून देणारी मी. ज्या मातीत माझ्या आजाने, पणज्याने भात लावलं, त्याच मातीत उभं राहून मी भाताच्या रोपांना लॉन म्हणाले होते. बाबा वाकले, कापलेली मूठभर पाती उचलली, हाताळली आणि खाली टाकली. पुतण्या माझ्याकडे बघायचं टाळत होता. त्याने ते बंध हळूच पाठीमागे लपवले, जसं काही त्यालाच चोरी करताना पकडलंय.

नंतर आईने सगळं सांगितलं. बाबांना गवत लावता येतच नव्हतं. जन्मभर गवत उपटलं, आता गवत लावू? असं म्हणून त्यांनी निडीहून भाताचं बियाणं आणलं. त्यांचा हिशोब असा की रोपं उपटून न्यायची, मग पावसात गवत आपोआप येतं, त्याला कोणी लावावं लागत नाही. मी आईवर उखडले. मला का नाही सांगितलं म्हणून. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "ते म्हणाले, तिला सांगू नको. ती बघेल आणि वळखेल. रोज वाट बघायचे गो."

मला वाटतं मी त्या रात्री जेवले नाही. ते काही मोठं नाही, मी चिडले तरी जेवत नाही.

गणपतीच्या आधीची मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. तोवर कापलेल्या खुंटांमधून खरंच गवत वर आलं होतं आणि गोल कुठे होता ते सांगावं लागत होतं. सेक्रेटरींनी उभं राहून बाबांची तारीफ केली, विषय संपला म्हणून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपलं होतं सगळं. माफी नाही, निडी नाही. बाबांनी नुसतं बसून राहायचं होतं.

ते उठले. धोतराचा सोगा सारखा केला आणि हात जोडले.

"गवत नव्हतं ते," बाबा म्हणाले. "मी भात पेरलं होतं. तुम्हाला फसवलं. माझं चुकलं."

 मग मागे कोणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरींचा चेहरा गोरामोरा झाला. ते वाईट बुद्धीने नाही बोलले, बावचळूनच बोलले, की अहो काका, पण मी तुमच्या मुलीला विचारूनच कापलं, त्याच म्हणाल्या लॉन आहे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. 'काही सभासद' वाचताना जे व्हायचं ते यापुढे काहीच नव्हतं. तेव्हा बापाची लाज वाटायची, आणि बापाची लाज वाटण्यात एक सोय असते, आपण वेगळे ठरतो. इथे मला उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

बाबांचे हात अजून जोडलेले होते.

"तिला नाय कळत," ते म्हणाले. "तिला मी चिखलात पाय घालू दिला नाय कधी. शाळेतच धाडली. ती पण माझीच चूक धरा."

मीटिंग कशी उठली ते मला आठवत नाही. चहा झाला असावा, आमच्याकडे चहाशिवाय काही उठत नाही. लोक पांगले. बाबा जिन्याकडे न जाता कोपऱ्यात गेले, आणि मीही मागोमाग गेले. न जाऊन करते काय. ते उकिडवे बसले, गवतात बोटं घालून काहीतरी शोधलं, दोन हिरवी पाती वेगळी धरली आणि मला खाली बसायला सांगितलं. एक भाताचं, खुंटातून पुन्हा फुटलेलं. एक गवताचं. पातं जिथे काडीला चिकटतं तिथे बघ, म्हणाले, म्हणजे पुन्हा चुकणार नाय.

लख्ख ऊन पडलं होतं. मी चष्मा सारखा केला आणि दोन्ही पाती डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"कळलं?" बाबांनी विचारलं.

मी व्हय म्हटलं. मला दोन्ही सारखीच दिसत होती.