मिरजेच्या मावशींची झिप डिस्क

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायचो, आणि मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून लय शहाणा झालो होतो. त्या शहाणपणाचा बोभाटा मिरजेपर्यंत गेला आणि एक दिवस मावशी आल्या.

त्यांचे मालक तंबोरे करायचे. अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची वाचा गेली होती. त्याआधी एका संशोधक बाईंनी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून झिप डिस्कवर, म्हणजे जाडजूड फ्लॉपीसारख्या एका डिस्कवर, भरून दिलं होतं. मावशींना तो आवाज एकदा ऐकायचा होता, बाकी काही नाही.

शेजारच्या छापखान्यात पुण्याचा एकजण असल्या डिस्क वाचणारा झिप ड्राइव्ह घेऊन दोन दिवसांसाठी आला होता. त्याच्या विंडोजला ती डिस्क वाचता येईना, कारण ती लिनक्सवर भरलेली. "मग हाय की आपलं लिनक्स!" मी म्हणालो.

"किती येळ लागंल?" मावशींनी विचारलं.

"अर्धा तास." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

ड्राइव्ह प्रिंटरच्या पोर्टला लागायचा. तो म्हणजे आतलीच एक हार्डडिस्क आहे असं लिनक्सला भासवायचं, हे ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रामचं काम. भासवेल तर शपथ! प्रिंटरचा ड्रायव्हर पोर्ट अडवून बसला होता, तो काढला. पोर्टची सेटिंग बदलली. केबल उपसून पुन्हा खोचली. दर वेळी पडद्यावर तेच, डिस्क सापडत नाही. मावशी स्टुलावर बसून पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला नुसती लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा हजर. मी पुण्यातल्या मित्राला एसटीडी फोन लावला. "अरे, तो ड्राइव्ह नव्या जातीचा," तो म्हणाला, "त्याला ड्रायव्हर वेगळा लागतो." तो माझ्या सीडीवर नव्हता. मित्रानं तो फ्लॉपीवर घालून पाठवायचा तर यायला आठवडा, आणि ड्राइव्हवाला तर संध्याकाळच्या गाडीनं निघालेला. हातापाया पडलो, पण त्याचं काम तिकडं अडलं होतं. वायरी गुंडाळून तो गेला.

"डिस्क पुण्याला मित्राकडं पाठवू का?" मी विचारलं.

"नगं रं बाबा. वाटंत हरवली तर?" मावशींनी डिस्क रुमालात गुंडाळली. मग हळूच म्हणाल्या, "पर आवाज आत हाय न्हवं?"

"हाय, मावशी," मी म्हणालो. त्या डिस्कवरचं एक अक्षरही मला दिसलेलं नव्हतं.