ठमीचा खाऊ

ठमीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरी यायचा तो कोपरापर्यंत ग्रीसने काळा होऊनच. म्हणून ठमीच्या आईचा कायदा होता : आधी हात धुवायचे, मगच पोरीला उचलायचं. पण दोन वर्षांची पोर कुठला कायदा जुमानते! बाप दारात दिसला की धावत येऊन त्याच्या पायाला मिठी मारायची आणि "खाऊ! खाऊ!" करत घर डोक्यावर घ्यायची. मग तो खिशातून क्रीमच्या बिस्किटांचा छोटा पुडा काढायचा, दातांनी फोडायचा, तिच्या हातात द्यायचा. ती गप्प, हा हात धुवायला पसार. 'बाबा' म्हणायला तिला कितीदा शिकवलं, पण छे! 'खाऊ' हाच तिचा लाडका शब्द. बापाला त्याचं कोण कौतुक! कामावर सगळ्यांना सांगून झालं होतं.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी ठमीचं तोंड उघडून पाहिलं. पुढचे चारही दात किडलेले, वर अंगात रक्त कमी. "बिस्किटं कोण देतं हिला?" त्यांनी विचारलं. आईने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको रोज उकडलेलं गाजर नाहीतर अंडं घेऊन पोरीमागे घरभर फिरायची, पोर तोंड फिरवायची, आणि हा शहाणा वर बायकोलाच चिडवायचा, "तुझ्या हाताला चवच नाही!" बिस्किटांनी पोट भरल्यावर पोर खाणार काय, कपाळ?

त्या दिवसापासून बिस्किटं बंद झाली. पण रिकाम्या खिशाने घरी जायचा त्याला धीर होईना. बिस्किट नाही म्हटल्यावर पोर धावत येईल कशाला? त्याने सफरचंदाच्या फोडी नेल्या, त्या तिने भिरकावल्या. भाजलेलं रताळं नेलं, ते चाटून त्याच्याच पँटला पुसलं.

"नखरे तर बघा महाराणींचे," आई म्हणाली, पण हसली नाही.

शेवटी त्याने मटारच्या शेंगा आणल्या. म्हटलं, निदान सोलायला तरी मजा येईल. दारात पाऊल टाकलं तोच ठमी पायाला चिकटली. "खाऊ! खाऊ!" त्याने शेंग पुढे केली. तिने ढकलली. दुसरी दिली, तीही ढकलली आणि भोकाडच पसरलं.

"आजच्या दिवस एक बिस्किट देऊ का गं?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"खबरदार!" म्हणत बायको बाहेर आली आणि थबकली. "अहो, ती खिशाकडे बघतच नाहीये."

त्याने खाली पाहिलं. ठमी दोन्ही हात वर करून थेट त्याच्या तोंडाकडे बघत होती. "खाऊ," ती हुंदके देत म्हणाली.

खाऊ म्हणजे तो. अरे देवा! रोज संध्याकाळी पोर बापाला हाक मारत होती, आणि हा तिच्या हातात बिस्किट कोंबून निघून जात होता.

त्याने तसंच काळ्या हातांनी तिला उचललं. फ्रॉकवर डाग पडले, आणि आईचा कायदा त्या दिवशी मोडला. थोड्या वेळाने ठमीने त्याच्या खिशातली शेंग काढली, सालासकट चावली, थुंकली, आतला एक दाणा मात्र गिळला. मग त्याच्या गालावर थोपटत "खाऊ," म्हणाली आणि हसली. हसली तशी तिचे पुढचे चारही दात दिसले.