नलूच्या मागं धाव

हातातला चहा आधी संपवून घ्या, मग ऐका. नाही तर ठसका लागेल अन् नाव माझं येईल! माझी ही फजिती अर्ध्या पांढुर्ण्यानं पाहिली, मग तुम्हीच कायले मागं राहता?

डॉक्टरांनी मले साखरेची बिमारी सांगितली अन् रोज सकाळी फिरायची तंबी दिली. शेजारची नलू होती तोवर चिंता नव्हती. ती पहाटे फाटकाशी येऊन "वंदे, चाल वं!" म्हणाली, की मी उठलीच समजा. पण तिच्या पोराची नोकरी पुण्याले, तो आईले घेऊन गेला. अन् माझे पायही जसे तिच्यासंगच गेले!

रोज जोडे घालायची, फाटकापर्यंत जायची, नलूच्या दाराचं कुलूप पाहायची, अन् परत पांघरुणात!

"अवं, गेली नाही?" आमचे हे विचारायचे.

"धुकं आहे."

"काल तं नव्हतं!"

"काल गुडघा होता!"

शेवटी एका सकाळी ह्यांनी पांघरूणच लपवलं. करता काय? निघाली.

धुकं असं, की संत्र्याच्या गाड्यांचे नुसते आवाज येऊन राहिले होते. अन् समोर पाहते तर काय? जांभळी शाल, तिरपी मान, डावा हात फेकत चालणं. नलू! मले न सांगता आली? डोळ्यात पाणीच आलं हो माझ्या.

"नलेऽऽ!"

थांबली नाही. कानानं कमीच ऐकते ती. मी पाय उचलले, तिनंही उचलले.

"थांब! आज बरी सापडली! आता सोडत नाही तुले!"

आता सांगा, यात प्रेमाशिवाय काय होतं? पण ती पळाली! मले वाटलं, मस्करी करून राहिली. मीही पळाली. जिना चढताना दोनदा बसणारी मी, साडी खोचून पळाली!

तेवढ्यात दूधवाला फटफटीवर आला. "काकू, काय नेलं तिनं?"

"माझी... माझी आहे ते!"

माझी नलू, म्हणायचं होतं. पण दम कुठं होता? त्याले वाटलं, चेन!

"चोर! चेनचोर!"

झालं! संत्र्याच्या गाडीवरचे दोघं उतरले, चहाच्या टपरीवरचे उठले, कुत्री लागली. टपरीपुढं सगळ्यांनी तिले घेरलं. ती वळली. गोल चेहरा, चष्मा, फार तर तिशीची पोरगी.

"आंटीजी, मैंने क्या किया?"

बँकेत बदलीवर आलेली, बिचारी!

आता सारे माझ्या गळ्याकडं पाहून राहिले. अन् गळ्यात चेन, चकचकीत!

"मले वाटलं... माझी नलू आली," म्हटलं, अन् भररस्त्यात रडायलेच लागली मी. लोक चुपचाप पांगले. दूधवाला तेवढा म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी नाव पुरं सांगत जा!"

त्या पोरीनं मले स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. मग हसली. "कल से साथ चलते हैं, आंटीजी. बस, आप आगे चलिएगा."

घरी आल्याबरोबर नलूले फोन लावला. सगळं ऐकून ती इतकी हसली, इतकी हसली!

"इथं मले कोणी हाकच मारत नाही वं," ती म्हणाली. "लिफ्टनं उतरते, बाकावर बसते, परत वर जाते."

मी म्हटलं, "येऊन जाय ना नले. तुझ्याबिगर माझं चालणंच सुटलं."

मग म्हणते कशी, "वंदे, खोटं नको बोलू. आपण चाललो कधी? नाल्यावरच्या पहिल्या पुलियावर जाऊन बसायचो, ते ऊन लागेपर्यंत. चालत होतं ते तोंड!"