चावण्याचा आवाज

माझ्या पोटाचा बराचसा भाग मिरजेतच राहिला. फौजेत असतानाच अल्सर झाला होता, पण मी कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हतो. पेन्शनीत घरी आलो तरी तांबडा रस्सा आणि ठेचा सुटला नाही. एका सकाळी उसाला पाणी पाजता पाजता रक्ताची उलटी झाली, आणि भावांनी जीपमध्ये आडवं टाकून मिरजेला नेलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पोट लहान मुलाच्या मुठीएवढं उरलंय. मी सांगेपर्यंत काहीही चावायचं नाही. तोंडात दात आहेत हे विसरून जा."

शेजारच्या खाटेवर जतकडचा एक मेंढपाळ होता. मोठ्या दुष्काळातून निम्मी मेंढरं कशीबशी जगवून तो माणूस स्वतः मात्र पोट धरून बसला होता. त्याचंही ऑपरेशन माझ्यासारखंच, आणि आम्हा दोघांना पेजही एकाच पातेल्यातली. कापडातून गाळलेली, मीठ असून नसल्यासारखं. वाटीत बघून तो म्हणायचा, "गड्या, ह्ये मी मेंढरालाबी पाजणार न्हाई." मला हसू यायचं, हसलं की टाके ओढायचे, आणि मग मी त्याला शिव्या द्यायचो. तो त्या आनंदानं ऐकून घ्यायचा.

त्याची बायको खाटेशेजारी जमिनीवर बसून असायची. ऑपरेशन नीट पार पडू दे म्हणून तिनं बिरोबाला नवस बोलला होता. एका दुपारी तिचा दीर नवस फेडून भंडारा-खोबरं घेऊन आला. तिनं नवऱ्याच्या कपाळाला हळद लावली, माझ्याही लावली, आणि सुक्या खोबऱ्याचा एकेक तुकडा दोघांच्या तोंडात घातला. डॉक्टरांचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. पण देवाच्या परसादाला नको म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही, आणि परसादानं कुणाचं वाईट होईल हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

मी तुकडा गालात धरून ठेवला. ती वळल्यावर हळूच काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. तो मात्र डोळे मिटून चावत राहिला. किती दिवसांनी दातांना काम मिळालं होतं. कुरुम कुरुम आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगलं, अंगात ताप भरला. त्याला परत आत नेलं, आणि तो परत खाटेवर आला नाही. खोबऱ्यानं गेला की आतला टाका सुटून गेला, की त्याचं आयुष्यच तेवढं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. ती मोठ्यानं रडली नाही. जाताना तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं, आणि दिराच्या मागोमाग निघून गेली.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं माळ्यावरचं पितळी पुरणयंत्र खाली काढलं. होळीला आणि बेंदराला निघणारी वस्तू ती, आता रोज चुलीपुढं. भात, दुधी, भोपळा, मूग, सगळं त्यातनं फिरवून वाटीत यायचं. जाणारी-येणारी बाई विचारायची, "काय वं, रोज पुरणपोळी?" बायको म्हणायची, "व्हय, आमच्यात रोज सण." सदरा धुताना तिला खिशात तेलाचा डाग आणि तो तुकडा सापडला. मी सगळं सांगितलं. परसाद टाकता येत नाही, म्हणून तिनं तो देवघरात देवांच्या मागं ठेवला. म्हणाली, "तुमचा हाय, तुमीच खायचा. दात उघडतील तवा."

पण दात उघडेनात. फेरतपासणीला डॉक्टर म्हणाले, आता सगळं खा, हळूहळू चावून. घरी ताटात भाकरी आली. मी तुकडा तोंडात घातला आणि शेजारून आवाज आला, कुरुम कुरुम. शेजारी कुणी नव्हतं. मी घास बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढं पुढं पोरं भाकरी खायला बसली तरी मला तोच चावताना ऐकू यायचा, आणि मी वाटी घेऊन घरामागं परड्यात जाऊन बसायचो. देवघराकडे बघायचं टाळायचो. मुठीएवढ्या पोटाची मला भीती नव्हती, त्या आवाजाची होती. तो मला बोलावतोय असंच वाटायचं.

अंगावरचं मांस गेलं. धोतर कमरेवर ठरेना. एके दिवशी बांधावर चक्कर येऊन पडलो, तेव्हा बायको माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. "पाण्यावर किती दिस जगणार तुमी? त्यो मेला, त्याच्या मागनं जायचं हाय का?" मलाच माहीत नव्हतं.

ऊस तुटून गेला की पूर्वेकडचे मेंढपाळ कृष्णाकाठी उतरतात आणि खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवतात. त्या साली आलेल्या मेंढरांच्या वाड्याबरोबर मिरजेतल्या त्या मेंढपाळाची बायको होती. गाव विचारत विचारत ओसरीपाशी आली. कपाळ मोकळं. पाणी प्याली आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, "दादा, एक इचारू? माझी सासू म्हनती, तूच मारलंस माझ्या पोराला. त्या दिशी तुमच्या तोंडात बी तुकडा घातला हुता. तुमी खाल्लासा नव्हं?"

बायको दारात उभी होती. देवघर तिच्या पाठीमागं होतं.

"खाल्ला की," मी म्हणालो.

"आख्खा?"

"आख्खा. चावून."

तिनं पदराची गाठ सोडली. आत भंडारा आणि खोबऱ्याचा तुकडा. "मग ह्यो बी घ्या," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर ठेवून समोर बसून राहिली.

मी तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. चावलं. आवाज आला, पण या वेळी माझ्याच जबड्यातून. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. गिळला तेव्हा तिचे खांदे एकदम खाली आले. "मंग खोबऱ्यानं न्हाई गेला त्यो," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तिथंच रडली. मिरजेत रडायचं राहिलेलं सगळं रडली.

उठताना म्हणाली, "वैनी, तुमच्या देवाला भंडारा वाहते," आणि देवघराकडे वळली. तो तुकडा अजून तिथंच होता, हळद लागलेला. बायको तिच्याआधी लगबगीनं आत गेली. मला वाटलं, आता संपलं. पण बाई आत जाऊन देवाला भंडारा वाहून, डोकं टेकवून शांतपणे बाहेर आली आणि मेंढरांकडे निघून गेली.

मी आत गेलो. देवांच्या मागं काही नव्हतं. बायको कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि मला तोच आवाज ऐकू आला, कुरुम कुरुम. मी तिला खांदा धरून वळवलं. तिनं घास गिळला.

"लय खवट झालं हुतं," ती म्हणाली. "बसा, भाकरी टाकते."