शेपटीतले तारे

मी चहा घेऊन गेले तेव्हा आमच्या संस्थेतल्या ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम फळ्यापाशी उभ्या होत्या. दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकांच्या समूहांच्या, मोठमोठ्या गुच्छांमध्ये नवे तारे कसे जन्मतात, ते शोधायचा बेत चालला होता.

"एकटी असते तोवर दीर्घिका सुखाने तारे घडवते," त्या मला म्हणाल्या. "अशा गर्दीत शिरली की तिचा वायू ओरबाडला जातो. मग तारे कशाचे घडवणार?"

सातवीत शाळा सुटलेल्या बाईला कुणी एवढं समजावतं, यानंच मला भरून येतं. पण आज ते ऐकताना मला माझंच आठवलं. गावाकडे लग्न निघालं की बायका माझ्याकडून उखाणे जुळवून घ्यायच्या. या शहरात आल्यापासून मला एकही सुचलेला नाही.

"म्हणजे ती विझलीच म्हणायची?"

"तुम्हाला भारी घाई, सुमनताई! आम्हाला अजून मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मिळायचीय." हसत त्यांनी दीर्घिकेमागे खडूची लांब शेपटी ओढली. "हा निसटलेला वायू. कधीकधी यातही तारे जन्मतात. किती, तेच बघायचंय."

गाव सोडलेलं माणूसही असंच थोडं मागे सांडत येतं. सांडलं ते वाया गेलं, असं आपणच धरून चालतो.

कपबशा विसळताना मी पुटपुटले, "तापीच्या काठाला केळीच्या बागा..."

पुढचं अजून जुळलेलं नाही. पण एवढं आलं.